गाणे नेमके कोणाचे? : संगीतकारांच्या चरित्रपटांविषयी

संगीतकारांच्या आयुष्यावरील चित्रपटांविषयी जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात दोन प्रश्न हमखास असतात. नट मूळ व्यक्तीसारखा दिसतो-बोलतो का, हा पहिला. आणि जे घडले तेच दाखवले आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पारितोषिक समित्या देतात, दुसऱ्याचे वृत्तपत्रांतली परीक्षणे. आम्हांला हे दोन्ही प्रश्न दुय्यम वाटतात. असा चित्रपट जमला की फसला हे ठरवायला तिसराच प्रश्न विचारावा लागतो : गाणे कुठून येते असे हा चित्रपट सांगतो, आणि ते कोणाचे आहे असे मानतो? या प्रश्नाशी प्रामाणिक राहणारे चित्रपट थोडे आहेत. जे आहेत ते बहुधा एकट्या प्रतिभावंताचे नसून त्याच्या भोवतीच्या माणसांचे, यंत्रांचे आणि करारांचे, म्हणजे थोडक्यात रेकॉर्ड कंपनीचे चित्रपट आहेत, असे आमचे मत आहे. ते येथे मांडायचे आहे.

प्रथम रूढ साचा पाहू. 'रे' (२००४) हा रे चार्ल्सवरचा आणि 'वॉक द लाइन' (२००५) हा जॉनी कॅशवरचा चित्रपट शेजारी ठेवले तर दोन वेगळी माणसे एकाच शिंप्याकडून कपडे शिवून आल्यासारखी वाटतात. दोघांच्याही बालपणी भावाचा अपघाती मृत्यू; त्या मृत्यूची आयुष्यभराची टोचणी; मग यश, व्यसन, स्त्रिया, अधःपात आणि उद्धार. यातले बहुतेक तपशील खरे आहेत, हे मुद्दाम सांगायला हवे. कॅशचा भाऊ १९४४ साली करवतीच्या अपघातात खरोखरच गेला होता. आमची तक्रार तपशिलांविषयी नाही, त्यांच्यामधल्या कार्यकारणभावाविषयी आहे. जखम आधी, गाणे नंतर. म्हणून जखमेतून गाणे, असा हा न्याय. 'वॉक हार्ड' (२००७) या विडंबनपटाने या साच्याची पुरती रेवडी उडवली. त्यातला नायक लहानपणी खेळता खेळता भावाचे चक्क दोन तुकडे करतो आणि तिथून त्याची संगीतसाधना सुरू होते. इतके हसून झाल्यावर साचा मोडायला हवा होता. तो मोडला नाही, हे पुढच्या दोन दशकांनी दाखवले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा न्याय ओळखीचा वाटेल. बालकवींचा १९१८ मधला रेल्वे अपघातातला मृत्यू त्यांच्या उदास कवितांवर मागाहून पसरायचा आणि मग त्या कवितांत मृत्यूची चाहूल शोधायची, हा खेळ आपल्या समीक्षेत बराच काळ चालला. कविता म्हणजे चरित्राचा पुरावा नव्हे, हे आपण वर्गांतून आता सांगू लागलो आहोत. पण तोच विद्यार्थी संध्याकाळी चित्रपट पाहायला बसतो, तेव्हा चित्रपट त्याला नेमके उलटे शिकवतो. गाणे हे रचलेले नसते, ते सांडलेले असते, असे तो शिकवतो. ही समजूत नुसती भाबडी नाही. गाणे कोणी रचले, कोणाकडून घेतले, त्याचे पैसे कोणाला मिळाले, हे सगळे प्रश्न या समजुतीच्या आड लपतात.

'वॉक द लाइन'मधलाच एक प्रसंग घेऊ. मेंफिस शहरातील सन रेकॉर्ड्सच्या छोट्या खोलीत कॅश आणि त्याचे दोन साथीदार परीक्षा द्यायला आले आहेत. ते एक भक्तिगीत गातात. मालक सॅम फिलिप्स त्यांना मध्येच थांबवतो. हे आम्ही शंभरदा ऐकले आहे, याच्यावर माझा विश्वास बसत नाही, अशा आशयाचे काहीतरी तो बोलतो आणि स्वतःचे असे काही आहे का म्हणून विचारतो. मग कॅश फॉल्सम तुरुंगावरचे गाणे हळूहळू, चाचपडत सुरू करतो. साथीदारांना ठेका सापडतो. आणि एक गायक आपल्यासमोर जन्माला येतो. प्रसंग म्हणून हा फार चांगला आहे. ऐकणारा, अडवणारा, मागणी करणारा कोणीतरी समोर असल्यामुळे गाणे बदलते, हे त्यात दिसते. असा श्रोता हाही एक प्रकारचा समीक्षक असतो.

पण ज्या गाण्याच्या बळावर हा प्रसंग 'स्वतःचे, आतून आलेले' असे काही सिद्ध करू पाहतो, त्या गाण्याचीच कथा निराळी आहे. गॉर्डन जेंकिन्स या संगीतकाराने १९५३ साली 'क्रेसेंट सिटी ब्लूज' नावाचे एक गाणे प्रसिद्ध केले होते. कॅशच्या गाण्याची चाल आणि पुष्कळसे शब्द त्यावर बेतलेले होते. पुढे तंटा झाला आणि कॅशने जेंकिन्सला मोठी रक्कम देऊन तो मिटवला. लष्करी नोकरीत जर्मनीत असताना पाहिलेला तुरुंगावरचा एक चित्रपट, दुसऱ्याचे एक गाणे, स्वतःचा धीरगंभीर आवाज, दोन कच्च्या वादकांमुळे आलेला साधा ठेका, आणि भक्तिगीत नको म्हणणारा मालक, या सगळ्यांतून ते गाणे झाले. ही हकीकत जखमेच्या हकीकतीपेक्षा कमी रोचक आहे असे कोण म्हणेल? उलट परंपरा, उसनवारी आणि रूपांतर यांविषयी आपण वर्गात जे घसा कोरडा करून सांगतो, त्याचे हे जिवंत उदाहरण आहे. चित्रपटाने त्यातला पाहिलेला चित्रपट ठेवला, मालकही ठेवला; जेंकिन्स मात्र गाळला. तो ठेवला असता तर 'आतून आलेले' ही कल्पनाच टिकली नसती.

याच्या उलट 'अमाडिअस' (१९८४) पाहा. पीटर शॅफरच्या १९७९ मधील नाटकावर मिलोश फोरमनने केलेला हा चित्रपट इतिहास म्हणून जागोजागी खोटा आहे. मृत्युशय्येवरचा मोत्सार्ट आपली अखेरची 'रिक्वीम' ही रचना सालिएरीला सांगतो आणि सालिएरी ती उतरवून घेतो, असे काही घडले नव्हते. १७९१ साली अपुरी राहिलेली ती रचना त्याच्या परिवारातल्या झ्यूसमायरने पुरी केली. तरीही संगीतनिर्मितीविषयी इतके खरे दृश्य चित्रपटसृष्टीत क्वचित सापडेल. आधी पुरुषस्वर, मग त्यांना धरून जाणारी फुंकवाद्ये, मग नगारे, मग तंतुवाद्ये, असा एकेक थर मोत्सार्ट सांगतो. सालिएरी मागे पडतो, अडतो, पुन्हा विचारतो. आणि जे थर सुटे ऐकले ते क्षणभराने एकत्र ऐकू आले की प्रेक्षकालाही रचना म्हणजे काय ते उमगते. तिथे बापाची जखम नाही, टोचणी नाही. काम आहे. खोट्या प्रसंगातून खरे काम दाखवता येते आणि खऱ्या प्रसंगांतून कामाविषयी खोटे सांगता येते, हे या दोन चित्रपटांतून आम्ही घेतो.

कामच दाखवायचे तर रेकॉर्ड कंपनी हा चित्रपटाला फार सोयीचा विषय आहे. कंपनीत एक खोली असते, एक यंत्र असते, एक घड्याळ असते आणि एक हिशेबाची वही असते. गाणे तीन मिनिटांतच का संपते, माउथ ऑर्गन असा का वाजतो, कोणाचे नाव तबकडीवर छापले जाते, या प्रश्नांची उत्तरे त्या खोलीत असतात.

शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सचा इतिहास तर एखाद्या कादंबरीकाराने मागून घ्यावा असा आहे. पोलंडमधून १९२८ साली लहानपणी आलेले लिओनार्ड आणि फिल चेस हे ज्यू बंधू शहराच्या दक्षिण भागात, काळ्या वस्तीत, आधी दारूची दुकाने आणि मग एक क्लब चालवत. लिओनार्डने ॲरिस्टोक्रॅट नावाच्या छोट्या कंपनीत पैसे घातले; १९५० साली तिचे नाव चेस झाले. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतून शहरात आलेल्या माणसांचे ब्लूज आता विजेवर चालू लागले होते. मडी वॉटर्सचे ध्वनिमुद्रण १९४१ साली ॲलन लोमॅक्सने लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मळ्यावरच केले होते. १९४३ साली मडी शिकागोला आला आणि गिटारला वीज जोडली. लिटल वॉल्टरने माउथ ऑर्गन मायक्रोफोनसकट ओंजळीत धरून त्याचा आवाज सॅक्सोफोनशी टक्कर देईल असा केला. १९५२ सालची त्याची 'ज्यूक' ही तबकडी काळ्या श्रोत्यांच्या विक्री-यादीत पहिली आली. एका ध्वनिमुद्रणात वादकाचा ठेका पसंत पडेना म्हणून लिओनार्डने स्वतः ड्रम वाजवल्याचे प्रसिद्धच आहे. मालक, वादक, यंत्र यांची इतकी सरमिसळ झाली असताना गाणे कोणा एकाचे म्हणणे अवघड होते.

डार्नेल मार्टिन दिग्दर्शित 'कॅडिलॅक रेकॉर्ड्स' (२००८) या चित्रपटाने हाच विषय घेतला. त्याच्या पूर्वार्धात आम्हांला पुष्कळ काही आवडले. मळ्यावर लोमॅक्सने टिपलेला स्वतःचा आवाज मडी पहिल्यांदा ऐकतो, तो प्रसंग विशेष. माणूस आणि त्याचा आवाज पहिल्यांदा वेगळे होतात. आवाज ही आता विकता येण्यासारखी वस्तू झाली आहे, हे त्या चेहऱ्यावर दिसते. जेफ्री राइटचा मडी आणि एमन वॉकरचा हाउलिन वुल्फ यांच्यातली चुरसही नेमकी आहे. मालकाने बक्षीस दिलेल्या कॅडिलॅक गाडीत जो मिंधेपणा आहे, तो वुल्फला कळतो. मडीला कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नसतो. चित्रपटाचे नावच त्या गाडीवरून आहे. गाडी मालकाच्या मर्जीने मिळते. मानधन मात्र हिशेबाने मिळायला हवे. सरंजामी मळ्याची रीत शहरात येऊन चकचकीत झाली, एवढेच.

इथवर चित्रपट योग्य वाटेवर आहे. मग एटा जेम्स येते आणि तो वाट सोडतो. बियॉन्सेने ही भूमिका केली आहे आणि गाणीही स्वतः गायली आहेत. त्यांत कमी काही नाही. पण एटाला टाकून गेलेला बाप आणि तिचे व्यसन यांवर चित्रपट रेंगाळू लागतो. लिओनार्ड आणि एटा यांच्यात एक हळवा प्रेमसंबंध तो कल्पून घेतो. अखेरीस लिओनार्ड स्टुडिओ सोडून निघतो, त्या वेळी एटा काचेपलीकडून प्रेमभंगाचे एक गाणे गात असते. तो बाहेर पडतो आणि गाडीतच हृदयविकाराने मरतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते. हिशेबाची वही मिटली जाते.

ते गाणे म्हणजे 'आय'ड रादर गो ब्लाइंड'. त्याची खरी हकीकत अशी आहे. ते १९६७ साली शिकागोत नव्हे तर अलाबामातील मसल शोल्स येथील फेम स्टुडिओत, तिथल्या वादकांच्या साथीने ध्वनिमुद्रित झाले. लिओनार्ड चेस वारला १९६९ च्या ऑक्टोबरात. एटाने आपल्या आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे गाण्याचा आराखडा एलिंग्टन जॉर्डन या मित्राचा. तो तुरुंगात असताना ती त्याला भेटायला गेली, तिथे तिने तो ऐकला आणि त्याच्याबरोबर गाणे पुरे केले. कर्तृत्वाच्या रकान्यात मात्र जॉर्डनबरोबर तिचे नाव नाही, तिच्या तेव्हाच्या मित्राचे, बिली फॉस्टरचे आहे. करांच्या भानगडीमुळे तिने आपला वाटा त्याच्या नावे केला होता. म्हणजे पहा : तुरुंगातला कवी, अलाबामातले वादक, करांच्या भीतीने स्वतःचे नाव खोडणारी गायिका. चित्रपटाने या सर्वांना बाहेर काढून ते गाणे मालकाच्या निरोपसमारंभाला दिले. रेकॉर्ड कंपनीवरचा चित्रपट एवढ्यासाठी करायचा असतो का?

फिल चेस या चित्रपटातून जवळजवळ गायब आहे आणि बो डिडलीही नाही, अशी टीका त्या वेळी बरीच झाली. पात्रे गाळण्याचा हक्क चित्रपटाला असतोच, त्यामुळे ती टीका आम्हांला फारशी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाची आहे ती वही. चक बेरीच्या १९५५ सालच्या 'मेबलीन'वर सहरचनाकार म्हणून रेडिओ-निवेदक ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो यांची नावे छापली गेली. त्यांनी त्यात एक शब्दही लिहिला नव्हता. पूर्ण कर्तृत्व बेरीच्या नावावर परत यायला १९८६ उजाडले. मडी वॉटर्स आणि विली डिक्सन यांनी चेस बंधूंच्या भागीदारीतल्या आर्क म्युझिक या प्रकाशन कंपनीवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दावे लावले आणि ते न्यायालयाबाहेर मिटले. लिओनार्ड गेल्यानंतरही ही कथा वर्षानुवर्षे चालू आहे. तिला मृत्यूने आणि प्रेमगीताने पूर्णविराम देणे हे कलात्मक संक्षेपाचे उदाहरण नव्हे. ती एका बाजूची वकिली आहे.

येथे कोणी म्हणेल, आणि असे म्हणणारे आमच्या मित्रवर्गातही आहेत, की चित्रपट हा माहितीपट नव्हे. कल्पितावर तुम्ही तथ्याची फूटपट्टी का लावता? आक्षेप रास्त आहे, पण तो आम्हांला लागू नाही. 'अमाडिअस'मधले धडधडीत असत्य आम्ही वर डोक्यावर घेतलेच आहे. आमची कसोटी वेगळी आहे. फेरफार झाला की नाही हे पाहू नये. फेरफार कोणाच्या बाजूने झुकतो ते पाहावे. सालिएरीच्या तोंडी सगळी कथा घालून 'अमाडिअस' आधीच बजावतो की हा एका मत्सरी, कदाचित भ्रमिष्ट म्हाताऱ्याचा कबुलीजबाब आहे. तिथला फेरफार कोणाचे देणे बुडवत नाही. 'कॅडिलॅक रेकॉर्ड्स'मधला बुडवतो.

ही कसोटी लावली की अलीकडचे यशस्वी चरित्रपट कसे दिसतात? 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (२०१८) मध्ये क्वीन हा बँड फुटतो आणि १९८५ च्या लाइव्ह एडसाठी पुन्हा जुळतो. वास्तवात १९८४ साली त्यांचा नवा संग्रह आला होता आणि त्याचा दौराही झाला होता. फ्रेडी मर्क्युरीला आपल्या आजाराचे निदान लाइव्ह एडच्या आधी कळते असे दाखवले आहे. चरित्रकार साधारणपणे ते १९८७ चे मानतात. या दोन बदलांनी होते काय? भटकलेला नायक बँडच्या 'घरी' परततो, पश्चात्ताप करतो आणि मग जगासमोर गातो. घर सोडून जाण्याची शिक्षा म्हणजे आजार, असा एक ओंगळ नीतिपाठ त्यातून, बहुधा नकळत, उभा राहतो. बँडचे हयात सदस्य ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे या चित्रपटाच्या संगीताचे कार्यकारी निर्माते होते, हे लक्षात घेतले की झुकाव कळतो. 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' (२०१५) हा रॅपसंगीतावरचा आणि एका छोट्या रेकॉर्ड कंपनीवरचा जोरकस चित्रपट. करार आणि फसवणूक यांविषयी तो 'कॅडिलॅक'पेक्षा कितीतरी स्पष्ट बोलतो. परंतु डॉ. ड्रे आणि आइस क्यूब हे त्याचे निर्माते होते, आणि ड्रेने १९९१ साली डी बार्न्स या पत्रकार स्त्रीला केलेली मारहाण त्यात नाही. तिने स्वतःच तो प्रसंग चित्रपटाच्या वेळी लेख लिहून सांगितला, तेव्हा जगाला त्याची आठवण झाली.

याला योगायोग म्हणता येत नाही. कवीचे चरित्र लिहिताना कविता उद्धृत करायला थोडीबहुत सवलत असते. संगीतकाराचा चित्रपट करायचा तर गाणे वाजवावे लागते आणि गाणे कोणाच्या तरी मालकीचे असते. मालक, वारस किंवा कंपनी नाही म्हणाली तर गाण्याविना चित्रपट करावा लागतो. हेंड्रिक्सवरचा 'जिमी : ऑल इज बाय माय साइड' (२०१३) आणि डेव्हिड बोईवरचा 'स्टारडस्ट' (२०२०) या दोघांनाही आपापल्या नायकाची स्वतःची गाणी वापरता आली नाहीत. म्हणजे रेकॉर्ड कंपनी किंवा वारस हे अशा चित्रपटांचे अदृश्य सहलेखक असतात. परवानगीच्या किमतीत चरित्राचा एक भाग वळता होतो. अधिकृत चरित्रग्रंथांची ही गत आपल्याला माहीत आहे; चित्रपटात ती अधिक कडेकोट असते, इतकेच.

मग जमलेला चित्रपट कोणता? आमचे उत्तर मायकेल विंटरबॉटमचा '२४ अवर पार्टी पीपल' (२००२). विषय मँचेस्टरची फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी आणि तिचा एक संस्थापक, दूरचित्रवाणीवरचा निवेदक टोनी विल्सन. स्टीव्ह कूगन हा नट विल्सन म्हणून सरळ कॅमेऱ्याकडे पाहून प्रेक्षकाशी बोलतो, पुढे काय होणार ते सांगतो, आणि सत्य व दंतकथा यांत निवड करायची वेळ आली तर दंतकथा निवडावी असेही बजावतो. एका प्रसंगात विल्सनची पत्नी हॉवर्ड डिवोटो या गायकाबरोबर प्रसाधनगृहात सापडते. तिथेच झाडलोट करणारा माणूस म्हणजे खरा हॉवर्ड डिवोटो. तो कॅमेऱ्याकडे वळून हे घडल्याचे आपल्याला आठवत नसल्याचे सांगतो. ज्याच्याविषयी कल्पित रचले त्यालाच साक्षीला उभे करून आक्षेप नोंदवू देणारा चरित्रपट आम्हांला तरी दुसरा माहीत नाही. आपल्या कीर्तनपरंपरेत कथेकरी मध्येच कथा थांबवून श्रोत्यांशी बोलतो, त्या मोकळेपणाशी याचे नाते आहे.

परंतु हा चित्रपट नुसता खट्याळ असता तर त्याचे इतके कौतुक आम्ही केले नसते. त्याच्या केंद्रस्थानी एक करार आहे. संगीताची मालकी संगीतकारांची, कंपनीची नव्हे, असे विल्सनने स्वतःच्या रक्ताने लिहून दिलेले असते. या उदारपणाचे फळ अखेरीस दिसते. कर्जात बुडालेली फॅक्टरी एक मोठी कंपनी विकत घ्यायला येते आणि विकण्यासारखे काही नाहीच असे निघते. गाणी तर गाणाऱ्यांची आहेत. १९९२ साली कंपनी बुडाली. चेसची आणि फॅक्टरीची वही समोरासमोर ठेवली की दोन टोके दिसतात : एकीकडे सगळे काही मालकाचे आणि कलावंताला गाडी, दुसरीकडे सगळे काही कलावंताचे आणि मालकाच्या हाती धुपाटणे. दुसरे टोकही निर्दोष नाही. कंपनीचा पैसा हॅसिएंडा या नृत्यगृहात जिरला, आणि तो ज्या बँडने मिळवला होता त्याला त्याचा तोटा सोसावा लागला. चित्रपट हे लपवत नाही, विल्सनला संत करत नाही. त्यात ध्वनिमुद्रणाची दृश्येही आहेत. मार्टिन हॅनेट हा विक्षिप्त निर्माता ढोलाचा आवाज शुद्ध मिळावा म्हणून ढोलवाल्याला गच्चीवर पाठवतो; सगळे घरी जातात आणि तो बिचारा वाजवतच राहतो. विनोदाने का होईना, जॉय डिव्हिजनच्या त्या पोकळ, थंड ध्वनीमागे कोणाचा तरी हट्ट होता हे कळते.

त्याच बँडच्या इयन कर्टिसवर छायाचित्रकार अँटन कॉर्बाइनने 'कंट्रोल' (२००७) केला. पहिल्या चित्रपटात कर्टिसची १८ मे १९८० ची आत्महत्या एका वळणापुरती येते. दुसऱ्यात ती सगळ्या चित्रपटाचा शेवट आहे. इथे जखमेच्या साच्यात पडणे सर्वांत सोपे होते. कॉर्बाइन ते टाळतो, कारण तो कर्टिसला नोकरी करताना दाखवतो. कर्टिस मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात काम करत असे. तिथे कामासाठी आलेल्या एका तरुणीला अपस्माराचा झटका येतो. ते पाहिलेले त्याच्या एका गाण्यात उतरते. गाणे आपल्या दुःखातून नव्हे, टेबलापलीकडच्या दुसऱ्या माणसाकडे नीट पाहण्यातून आले. पुढे तोच आजार त्याला होतो तेव्हा त्या गाण्याचा अर्थ बदलतो. चरित्र आणि कृती यांच्यातले नाते असे दुहेरी आणि गुंतागुंतीचे असते, हे कृष्णधवल संयमाने इथे सांगितले आहे. नटांनी वाद्ये स्वतः वाजवली आहेत. त्यामुळे चुका, घाम, श्वास यांचा आवाज पडद्यावर राहतो.

आता आपल्याकडे वळू. मराठीत बालगंधर्व (२०११), वसंतराव देशपांडे (२०२२), शाहीर साबळे (२०२३), सुधीर फडके (२०२४) असे चरित्रपट झाले आणि प्रेक्षकांनी ते आपुलकीने पाहिले. चेसचा धडा इथे उपयोगी पडतो, कारण आपल्याकडेही रेकॉर्ड कंपनीसारखी एक संस्था होती : नाटक मंडळी. १९१३ साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी ही गाण्याचा कारखानाच होती. तिथे चाल देणारे वेगळे ('मानापमान'चे गोविंदराव टेंबे, 'स्वयंवर'चे भास्करबुवा बखले), सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा, आणि समोर वन्समोअर मागून पद लांबवणारा प्रेक्षक. ज्याला आपण 'बालगंधर्वांचे पद' म्हणतो ते या सगळ्यांचे आहे. आणि तेच पद तबकडीवर तीन मिनिटांत बसवायचे म्हटले की पुन्हा वेगळे होते. 'बालगंधर्व' या चित्रपटात सुबोध भावे यांचा अभिनय आणि आनंद भाटे यांचे गायन आहे. दोघांनी आपापल्या जागी उत्तम काम केले आहे. पण मंडळीचे कर्ज तिथे बहुतांशी नटाच्या राजस हौसेचे आणि त्यागाचे रूप घेऊन येते. भरजरी शालू आणि अत्तर दिसतात. चाल बसवताना बुवा आणि नारायणराव यांच्यात काय घडत असेल, ते पाहण्याची आमची भूक तशीच राहते. 'मी वसंतराव'मध्ये ती काही अंशी भागते. राहुल देशपांडे आजोबांची भूमिका करतात आणि स्वतः गातात, त्यामुळे लाहोरात असद अली खाँसाहेबांकडे मारवा शिकण्याच्या भागात शिकणे म्हणजे काय ते प्रत्यक्ष कानांवर पडते. लष्करी हिशेबखात्यातली नोकरी आणि उशिरा आलेले यश यांना तिथे जागा आहे. वारसाने केलेला चित्रपट म्हणून त्यात भक्ती आहेच. ती कामाच्या आड येत नाही, हे विशेष.

आमच्या मते मराठीत पुढचा चरित्रपट व्यक्तीवर न होता मंडळीवर किंवा तबकडीवर व्हावा. गवयांना तीन मिनिटांत राग उलगडायला लावणारे ते यंत्र, त्याच्यासमोर गाणाऱ्या स्त्रिया, मागे बसलेले आणि तबकडीवर नाव न छापले गेलेले सारंगिये, आणि किती रुपयांवर सही झाली तो कागद : इतके साहित्य असताना पुन्हा एकदा बालपणीच्या दुःखापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. आणि वर्गात असे चित्रपट दाखवणाऱ्या शिक्षकमित्रांना आमची विनंती एवढीच की, दिवे लागल्यावर 'हे खरे घडले होते का' असे विचारून थांबू नये. श्रेयनामावलीत गाण्याखाली कोणाची नावे आहेत, कोणाची नाहीत, आणि ती कोणी वगळली, हेही विचारावे.